अख्खं गाव एक जूनचं

१८ एप्रिल

अंकिता,

मायना लिहीत नाही, कारण काय लिहावं तेच सुचेना. दिवाळीपासून माझ्या मेसेजला तुझ्याकडे एकच टिक येते. तू मला ब्लॉक केलंयस हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. म्हणून हा कागद. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही.

कामाचंच बोलते. आपल्या पाणी सोसायटीला तू अ‍ॅक्सेसमध्ये सभासदांची फाइल करून दिली होतीस ना, ती बिघडली आहे. म्हणजे उघडते. पण काही नावं घेतच नाही. फॉर्ममध्ये नाव भरलं, सेव्ह दाबलं की टुंग करून इंग्रजीत चार ओळी येतात. त्यात 'डुप्लिकेट' हा शब्द मला कळतो, बाकीचं तुझं तुला माहीत. ओके दाबलं की पुन्हा तेच, एस्केप दाबलं की भरलेलं सगळं गायब. दुपारभर टुंग टुंग ऐकून माझं डोकं उठलंय.

तू विचारशील, मी काय केलं. मी काही केलं नाही! सोलापूरहून पत्र आलं की सगळ्या सभासदांच्या जन्मतारखा आधारप्रमाणे भरा. आजवर तो रकाना रिकामाच होता. मी घरोघर जाऊन आधारच्या झेरॉक्स गोळा केल्या. त्यातच जुना कॉम्प्युटर बंद पडला, आत पाल मरून पडली होती. नवा घेतला, तुझी फाइल त्यावर टाकली, एक्सेलमध्ये तारखांसकट यादी केली आणि फाइलमधली जुनी नावं पुसून ती तिच्यात ओतली. ओतताना एक खिडकी आली होती, अमुक इतकी रेकॉर्ड गेली म्हणून. मी ओके दाबलं. त्या खिडक्या कोण वाचतं?

तर आता काय करायचं ते लिहून कळव. चार ओळी पुरेत. आई ठणठणीत आहे.

प्रियंका


२६ एप्रिल

अंकिता,

उत्तर नाही. नसू दे. मी पुन्हा लिहिणार, कारण मला दुसरं कुणी नाही विचारायला.

मोडनिंबहून कॉम्प्युटरवाला आणला होता. त्यानं चहा घेतला, माउस इकडेतिकडे फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, विंडोज मारून देऊ का?" त्याला कशावरही विंडोजच मारायचं असतं. म्हटलं, अरे बाबा, आत शिरून बघ की, हे डुप्लिकेटचं खूळ कुठून आलंय. तर म्हणे, ज्यांनी फाइल केली त्यांनी आत जायची वाट बंद केलीय. उघडली की थेट फॉर्मच दिसतो, मागचं काही दिसत नाही. तूच केलंयस ते. चेअरमन झालेले सयाजीतात्या आकड्यात हात घालतील म्हणून केलंस, मान्य. पण सयाजीतात्यांच्या नादात मलाही बाहेर ठेवलंस ना!

वर आणखी एक तमाशा. नवा कॉम्प्युटर अमेरिकेच्या हिशेबानं चालतो, आधी महिना मग दिवस. मी ०१/०६ टाकलं, त्यानं सहा जानेवारी केलं. यादी छापली तर निम्मं गाव सहा जानेवारीला जन्मलेलं. सभासदांच्या तारखा मी महिन्याचं नाव टाकून पुन्हा बडवल्या. एक्सेलमधलं वारसांचं पान, कुठल्या सभासदामागे हक्क कुणाचा ते, तसंच ठेवलं, ते कोण बघतंय! त्या पानावर तुझी मात्र गंमत झालीय. तुझी तारीख १४/०८. चौदावा महिना अमेरिकेतही नसतो. त्यामुळे सगळ्यांच्या तारखा रकान्यात उजवीकडे आणि तुझी एकटीची डावीकडे फुगून बसलीय. बाकीच्यांची वयं निघाली, तुझ्या वयाच्या जागी हॅश-व्हॅल्यू. मी हसले. मग हसू आलं म्हणून माझाच राग आला.

आता खरं ते सांगते. गेलेल्या नावांत आईचं नाव आहे.

म्हणजे या पाळीला आईला पाणी नाही. गावसभेचा ठराव तुलाच ठाऊक, तूच करायला लावलास: तुझ्या फाइलमधून निघालेली, चेअरमनच्या सहीची छापील यादी, त्यावर हातानं एक अक्षर लिहायचं नाही. पूर्वी रात्रीत नावं वाढायची म्हणून. मोटारीवर पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणारा चनमल्लप्पा तर त्या यादीला देवाच्या जागी मानतो. मी गेले त्याच्याकडे, म्हटलं, अरे सोनाबाई देवकते, तू रोज तिच्या हातची भाकरी खातोस! तर कान धरून म्हणतो, "अक्का, भाकरी येगळी, व्हॉल येगळा. छाप्यात न्हाई तर पाणी न्हाई. ठराव हाय."

मी वर्डमध्ये हुबेहूब यादी टाइप केली, फक्त पाळीचे तास तुझी फाइलच काढते, ते राहिले. सयाजीतात्यांनी माझा आणि फाइलीतला, दोन्ही कागद उजेडाला धरले आणि म्हणाले, "पाळीचं तास कुटं हायत ह्याच्यात? फायलीतली न्हाय ही. मी सही करत नसतो." चेअरमन म्हणून त्यांना आयुष्यात पहिल्यांदा नियम आठवला, तो नेमका आता.

बाकी नाव गेलेल्यांचा ऊस आहे. ऊस थोडी कळ काढतो. आईची केळी काढत नाही. आणि केळी गेली तर काय होणार, ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

प्रियंका


५ मे

अंकिता,

सापडलं! कुणी मदत न करता सापडलं, हे आधी नीट वाच.

मी सगळ्या झेरॉक्स जमिनीवर पसरल्या. गेलेलं एक नाव घ्यायचं आणि त्याचा जोडीदार शोधायचा. आईची तारीख एक जून अठ्ठावन्न. आडनाव देवकते. सयाजीतात्यांची तारीख एक जून अठ्ठावन्न. आडनाव देवकते. पुढची जोडी, एक जून एकसष्ट, देवकते, देवकते. त्याच्या पुढची, पुन्हा तेच. मी कपाळावर हात मारून घेतला.

आडनाव आणि जन्मतारीख एक असली की माणूस दुबार, असं तू त्या फाइलीला शिकवून ठेवलंयस. का, ते पण मला कळलं. किसनचं कृष्णा करून लोक दोनदा पाळी घ्यायचे. तुला वाटलं, नाव बदलता येतं, जन्मतारीख कशी बदलेल? अगं बाई! निम्मं गाव देवकते आणि अख्खं गाव एक जूनचं! पोरगं शाळेत घालायला आणलं की मास्तर विचारायचे, कवाचं हाय? बाप म्हणायचा, आसंल की सहा वर्साचं. मास्तर लिहायचे, एक जून. आईच्या माहेरी तेच, आपल्याकडे तेच. आप्पांची एक जून, माझी एक जून. गावात जन्मतारीख म्हणून एक खरी तारीख असेल तर ती तुझी, कारण तू सोलापूरच्या दवाखान्यात झालीस आणि आप्पा दाखला घडी घालून शर्टाच्या आत घेऊन आले. तुझा वाढदिवस व्हायचा. मोडनिंबहून केक यायचा, एसटीत चेपून. मी मेणबत्त्या लावायचे. माझा कधी असा झाला नाही. एक जूनला सगळेच जन्मलेले, कुणी कुणाला केक आणायचा? तू कॉलेजात गेल्यावर दर एक जूनला फोन करायचीस, "ताई, हॅपी बर्थडे टू अख्खं गाव!" आणि स्वतःच हसत सुटायचीस. त्या तुला, तुला गं, फाइल करताना हे आठवू नये?

रागावून काही होत नाही म्हणून मी उपाय काढला. खऱ्या तारखा विचारायच्या. दुपारच्या उन्हात दारोदार फिरले. काय काय उत्तरं मिळाली म्हणून सांगू! एकजण म्हणाला, "धरणात गाव बुडालं तवा मी रांगत हुतो." एकीची म्हैस त्याच दिवशी व्याली होती. सयाजीतात्यांना म्हटलं, तात्या, तुमची खरी तारीख सांगा, तुम्ही जरा सरकलात तर आईला जागा होईल. ते खवळलेच. "मी का सरकू? माझ्या आधारवर एक जून हाय. सरकारनं दिलीय."

शेवटी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मला काय म्हाईत गं. आमची आई म्हणायची, लई ऊन हुतं."

एवढीच तिची जन्मतारीख.

आता तरी कळव. ते दुबारचं खूळ फाइलीतून काढायचं कसं? आत जायची वाट कुठं लपवलीस?

प्रियंका


१४ मे

अंकिता,

आई ठणठणीत आहे असं मी लिहिलं होतं. नाही ती ठणठणीत. तिचा पाय सुजलाय.

पाळी मिळेना म्हटल्यावर तिनं कळशी उचलली. धरणाचं पाणी मागं गेलंय, तुला दिसलं तर ओळखू येणार नाही इतकं. चिखल तुडवत आत जायचं, कळशी भरायची, चढण चढून बांधावर यायचं आणि एकेका केळीच्या बुडाशी ओतायचं. मी ऑफिसात टुंग टुंग ऐकत असते तेव्हा ही तिकडे कळशा घालते. मला पत्ताच नव्हता. चनमल्लप्पानं सांगितलं. तो पण तिच्या मागून एक घागर घेऊन जातो म्हणे. व्हॉल फिरवणार नाही, पण घागर आणेल! अशा माणसाचं काय करायचं? परवा ती चिखलात घसरली. तुझे दाजी होटगीहून सुट्टीवर आले होते, त्यांनीच उचलून आणलं. डॉक्टर म्हणतात, हाड शाबूत आहे, पाय टेकू देऊ नका. ती टेकते.

मी ओरडले. म्हटलं, मरू देत ती केळी! तर माझ्याकडे अशी बघायला लागली. म्हणाली, "केळी मेली तर मला पुण्याला जावं लागतंय की. म्या शब्द दिलाय पोरीला."

दिवाळीत तू गाडी घेऊन आलीस, आठव. तिची बोचकी तूच बांधलीस, तिला न विचारता. ती उंबऱ्यातून हलेना तेव्हा तू म्हणालीस, "एक बाग स्वतः उभी करून दाखव, मग मी पुण्याचं नाव काढणार नाही. नाही उभी राहिली तर मुकाट गाडीत बसायचं." ती म्हणाली, व्हय. आणि तू माझ्याकडे वळून म्हणालीस की ताईनंच पढवलंय तिला. मी नव्हतं पढवलं! तिला तिथं करमत नाही, अकराव्या मजल्यावर तिला खाली बघवत नाही, हे ती तुला सांगू शकत नाही, कारण तू एवढ्या हौसेनं तिच्यासाठी खोली रंगवलीस. म्हणून तिनं पैज घेतली. तुला 'नको' म्हणायची तिची हीच रीत.

काल ती पाय उशीवर ठेवून म्हणाली, "माझी तारीख न्हाय तर न्हाय. अंकीची घाल की. तिची खरी हाय." मी घातली. चौदा ऑगस्ट. एक्सेलमध्ये डावीकडे फुगणारी तुझी तारीख फॉर्मनं मुकाट घेतली, टुंग पण केलं नाही. मी यादी छापून धावत सयाजीतात्यांकडे. त्यांनी चष्मा लावला, आधारची झेरॉक्स शेजारी धरली. "वैनीची तारीख एक जून हाय. ही कुणाची लावली?" संपलं. सही नाही. तारीख परत एक जून केली, टुंग. शेवटी ती ओळच पुसून टाकली.

हे लिहिताना मला एक गोष्ट स्वच्छ दिसतेय. तू उत्तर दिलं नाहीस तर तू जिंकलीस. काही करायला नको, नुसतं गप्प बसायचं. आठ दिवसांत पानं करपतील आणि आई बिनबोभाट गाडीत बसेल, शब्द मोडणारी ती नाही. मी असल्या माणसाकडे मदत मागतेय ज्याचा फायदा मदत न करण्यात आहे. माझ्यासारखी मूर्ख मीच. पण दुसरं दार कुठलं ठोठावू? वाट तूच बंद केलीयस, तुलाच ठाऊक.

मला तुझा राग येतो. आणि तुझी आठवण पण येते, त्यानं राग आणखी वाढतो.

प्रियंका


२३ मे

अंकिता,

तुझं पाकीट आलं. घाईघाईनं फोडलं, आणि आत काय? अर्धा कागद! ना मायना, ना 'ताई', ना आईचा पाय कसा आहे. 'फाइल उघडताना शिफ्ट दाबून धर. मागचं सगळं दिसेल. सभासद टेबल, डिझाइन, इंडेक्सेस. तिथं युनिकच्या पुढे यस आहे, ते नो कर. सेव्ह.' शेजारी खिडकीचं चित्र आणि बाण, जसे आप्पांना समजावताना काढायचीस.

शिफ्ट! एक बोट शिफ्टवर ठेवायचं! एवढ्यासाठी मी अख्ख्या गावाच्या जन्माच्या चौकशा केल्या, उन्हात चप्पल झिजवली, सयाजीतात्यांच्या पाया पडायची बाकी राहिले. तुला दोन ओळी आधी नाही लिहिता आल्या? मी तो अर्धा कागद टेबलावर आपटला. मग शिफ्ट दाबून धरलं.

उघडलं गं. सगळं दिसलं. यसचं नो केलं, सेव्ह केलं. फॉर्ममध्ये जाऊन भरलं, सोनाबाई, देवकते, एक जून अठ्ठावन्न. मी डोळे मिटून सेव्ह दाबलं. टुंग नाही. डोळे उघडले तर आई तात्यांच्या खाली जाऊन बसलेली, दोघं एकाच दिवशी जन्मलेले, कुणाला काही त्रास नाही. बाकीचे पण एकेक करून आले. किसन-कृष्णावर मी स्वतः लक्ष ठेवीन, त्याला फॉर्म कशाला हवा, मी आहे की.

तात्यांनी तीनदा वाचून सही केली. मी यादी घेऊन मोटारीवर गेले. चनमल्लप्पानं बोट फिरवत फिरवत खाली आणलं आणि नावावर ठेवलं. "हेसरू बंत, अक्का! नाव आलं!" असा ओरडला की बांधावरचे बगळे उडाले. व्हॉलकडे पळालाच तो. कळशा घालून घालून त्याचेही खांदे भरून आले होते.

आईला खुर्चीत बसवून नेलं, दाजींनी आणि मी. नळ्यांतून आधी हवा आली, फसफसली, मग पाणी. कडेच्या दोन ओळी गेल्यात, त्या गेल्याच. बाकीची बाग उभी आहे. डोळ्यांनी बघितलं मी, म्हणून लिहितेय. उभी आहे.

घरी आल्यावर आईनं तुझा कागद मागितला. तिला इंडेक्स काय कळणार? पण पुन्हा पुन्हा वाचला. मग म्हणाली, "हरली की गं माझी पोर. जाणूनबुजून हरली." आणि पदर डोळ्याला लावला. मी पण रडले. मी का रडावं, मी तर जिंकले होते.

प्रियंका


१ जून

अंकू,

आज गावाचा वाढदिवस. तुझा फोन आला नाही, सवयीनं दोनदा बघितला.

तुझ्या कागदाच्या तळाशी दोन ओळी होत्या, त्यांचं उत्तर द्यायचं मी मागच्या पत्रात टाळलं. एक, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन रिजन इंडिया कर, म्हणजे तारखा सरळ होतील. दुसरी, 'वारसांच्या पानावर माझी तारीख बसत नसेल तर एक जून टाक. मला चालेल.'

तुला चालेल! तू कोण ठरवणार? आप्पा तो दाखला भिजू नये म्हणून शर्टाच्या आत घालून आले होते, आणि तुला आता एक जून चालेल? रागानं मी ते वारसांचं पान आठ दिवस हातातच घेतलं नाही. मला काय कळत नाही का, तू का लिहिलंस ते? सगळ्या गावाबरोबर एका रांगेत बसायचंय तुला. आम्ही तुला बाहेर काढलं असं वाटतं तुला. आईनं पुण्याला नको म्हटलं, तुला नको नाही म्हटलं, खुळे. दोन्ही वेगळं आहे.

तर आज ऑफिस उघडलं, सुट्टी असून. रिजन इंडिया केला. वारसांच्या सगळ्यांच्या तारखा नव्यानं भरल्या, सहा जानेवारीवाले सगळे परत एक जूनला आणले. मग तुझ्या ओळीवर आले. तू तशीच डावीकडे फुगून बसलेली. मी काही बदललं नाही. नुसतं तिथं जाऊन एफ-टू दाबलं आणि एंटर.

टुणकन उजवीकडे आलीस. चौदा ऑगस्टसकट. हॅश-व्हॅल्यू जाऊन तिथं तुझं वय आलं. वर माझी एक जून, खाली तुझी चौदा ऑगस्ट, आणि दोघींच्या पुढे, 'कुणाचे वारस' या रकान्यात, आईचं नाव.

पानाची छापील प्रत सोबत जोडलीय, तात्यांच्या सहीची. चौदा ऑगस्टला केक मोडनिंबहून मी आणते, मेणबत्त्या पण मीच लावते, आजवर लावल्यात तशा. आई म्हणते, तोवर केळीला घड धरायला लागतील, पोरीला म्हणावं बघायला ये. गाडी आण, पण रिकामी परत न्यायच्या तयारीनं आण.

आणि आधी मला अनब्लॉक कर. पोस्टाचं तिकीट आणायला मोडनिंबला जावं लागतं.

तुझी ताई